गप्प बसण्याची सूट

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे गाडीच्या विम्यावरून बरंच वाजलं. एका सहकाऱ्याची गाडी नीट रेषेत पार्क केलेली, हा गाडीत नाहीच, आणि कुणीतरी मागून येऊन बंपर, टेललाइट, डिकीचा पत्रा सगळं चेपून निघून गेलं. त्याने रीतसर क्लेम टाकला, सर्वेअर आला, फोटो काढले, क्लेम पासही झाला, सगळं कसं छान, आणि मग रिन्यूअलचं कोटेशन आलं तर पाच वर्षं जमवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकता गेलेल्या वर्षांबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, सरळ शून्य. त्याचं डोकं फिरलं यात नवल नाही. पण त्यावर जी चर्चा झाली ती ऐकून माझंही फिरलं. लगेच दोन तट. एकांचं म्हणणं, कंपन्या चोर, घेताना गोड बोलतात आणि द्यायची वेळ आली की बारीक अक्षरं दाखवतात. दुसऱ्यांचं म्हणणं, आम्ही दहा-दहा वर्षं सांभाळून चालवतो म्हणून आम्हाला सूट मिळते, ज्याला हवी असेल त्याने नीट चालवावी, रडगाणं कशाला. आवाज चढले, डबे बंद झाले, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली होती, की ही सूट नीट गाडी चालवण्याबद्दल मिळते.

नाही मिळत. नावच वाचा ना, नो क्लेम. नो ॲक्सिडेंट नाही, नो चूकही नाही. तुम्ही स्वतः रिव्हर्स घेताना गाडी भिंतीवर घातलीत आणि खिशातून पैसे भरून पत्रा सरळ करून घेतलात तर बोनस शाबूत, आणि तुम्ही घरात झोपलेले असताना झाडाची फांदी टपावर पडली आणि क्लेम टाकलात तर बोनस गेला. म्हणजे मोजलं जातं ते तुमचं चालवणं नाही, तुमचं मागणं. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकते म्हणजे पुढे गैरसमज नको: अशी सूट असायला माझी अजिबात हरकत नाही, उलट असावीच, पण ती चूक बघून द्यावी-काढावी, क्लेम बघून नाही, आणि एका क्लेमवर सगळी शिडी उतरवून जमिनीवर आणणं याचं तर कुठलंच समर्थन मला सापडत नाही. मी शोधून बघितलंय.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते, कारण ते बरंच आहे. विमा म्हणजे शेवटी सगळ्यांनी मिळून भरलेला एक गल्ला. एक माणूस दर सहा महिन्यांनी कुठेतरी ठोकतो आणि दुसरा दहा वर्षांत एकदाही नाही, आणि दोघांना प्रीमियम सारखाच, तर पहिल्याचं बिल दुसरा भरतोय हे उघड आहे, आणि हाही अन्यायच. धोका कमीजास्त असेल तर किंमतही कमीजास्त हे काही आजचं खूळ नाही. १६६६ साली लंडन जळालं, त्यानंतर १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन या माणसाने घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली तेव्हा विटांच्या घराला दर होता वर्षाच्या भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के. बरोबर दुप्पट. लाकूड जास्त पेटतं, जास्त भरा. यावर कोण काय बोलणार?

आणि दुसरी गोष्ट, रेकॉर्ड बघून किंमत ठरवणं हे तोंड बघून ठरवण्यापेक्षा हजार पटींनी बरं. युरोपात कित्येक वर्षं बायकांना गाडीचा विमा स्वस्त मिळायचा कारण तरुण पुरुष जास्त ठोकतात, आकडेवारी तसंच सांगायची. १ मार्च २०११ ला युरोपियन कोर्टाने ते बंद करायला सांगितलं आणि २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसीत बाई-पुरुष असा फरक चालेनासा झाला. का, तर आकडा खरा असला तरी एखाद्या सभ्य, सावकाश चालवणाऱ्या पोराने केवळ पुरुष आहे म्हणून जास्त का भरावं? त्या मानाने स्वतःचं रेकॉर्ड हे निदान स्वतःचं तरी आहे. हा मुद्दा मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच नो क्लेमची सूट बंदच करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण थांबा, बार्बनच्या उदाहरणाकडे परत या. तो लाकूड आणि वीट बघत होता. अशा विमा कंपन्या तेव्हा आपले बंबवालेही बाळगायच्या, आग लागली की ते धावायचे. आता कल्पना करा, घर विटांचं, आग शेजाऱ्याकडून आलेली, ती विझवायला तुम्ही बंबवाल्यांना हाक मारलीत आणि कंपनी म्हणते, हाक मारलीत ना, आता पुढच्या वर्षी तुम्ही लाकडी घरवाले. आजची नो क्लेम सूट नेमकं हेच करते. घर कशाचं आहे ते सोडून हाका मोजते.

हिशोब मांडूनच बघू, कारण या वादात सगळे तत्त्व बोलतात आणि कॅल्क्युलेटर कुणी काढत नाही. भारतातली एनसीबीची, म्हणजे याच नो क्लेम बोनसची शिडी सगळ्यांना पाठ आहे: पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. तीही फक्त ओन डॅमेजच्या म्हणजे ओडीच्या, आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर, थर्ड पार्टीवर म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही. समजा ओडीचा मूळ प्रीमियम १०० आहे आणि तो तसाच राहतो (गाडीची किंमत उतरते तसा तो बदलतो, पण सोयीसाठी सोडून देऊ). तुम्ही वरच्या पायरीवर आहात, ५० भरताय. एक क्लेम टाकलात. पुढची पाच वर्षं तुम्ही भरणार १००, ८०, ७५, ६५, ५५. बेरीज ३७५. क्लेम टाकला नसता तर २५०. म्हणजे त्या एका क्लेमची किंमत १२५, तुम्ही आत्ता वर्षाला जे भरताय त्याच्या अडीच पट. आता हाच क्लेम पहिल्याच वर्षी, नवी गाडी, बोनस काहीच नाही, अशा माणसाने टाकला तर? तो पुढच्या पाच वर्षांत ३२५ (८०, ७५, ६५, ५५, ५०) ऐवजी ३७५ भरेल. त्याला क्लेम पडला ५० ला.

परत वाचा. पाच वर्षं काहीही न मागितलेल्या माणसाला एक क्लेम पडतो १२५ ला आणि ज्याने आल्या आल्या मागितलं त्याला ५० ला. चांगल्या रेकॉर्डचं बक्षीस म्हणून जी गोष्ट विकली जाते ती प्रत्यक्षात चांगल्या रेकॉर्डवाल्यालाच सगळ्यात जोरात मारते! यावर नेहमीचं उत्तर येतं की अहो त्याच्याकडे होतं म्हणून गेलं, दुसऱ्याकडे नव्हतंच तर जाणार काय. ऐकायला ठीक आहे, पण मग ते रेकॉर्ड कशाला जमवलं? रेकॉर्डचा अर्थच असा असायला हवा की या माणसाकडून एकदा काही झालं तर तो अपवाद असेल असं धरावं. जुन्या भरवशाच्या माणसाच्या हातून एक कप फुटला तर आपण त्याला पहिल्या दिवशी आलेल्या माणसाच्या रांगेत नेऊन उभं करतो का?

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं सांगते. पार्किंगमधून कुणीतरी घासून गेलं, हँडलच्या खाली वीतभर चर आणि दार उघडताना कर्रकन आवाज. गॅरेजवाल्याने वाकून बघितलं, अंगठ्याने पत्रा दाबला, इस्टिमेट लिहिलं, आणि मग मी काही विचारायच्या आत तो कागद उलटा करून मागे दोन आकडे लिहिले, मधे एक उभी रेघ. डावीकडे दुरुस्तीचा खर्च, उजवीकडे बोनस गेला तर पुढच्या वर्षांत किती जास्त जातील ते. म्हणाला, "ताई, क्लेम नका टाकू. खिशातून करा." डावा आकडा लहान होता. मी खिशातून केलं. त्याने हे इतक्या सराईतपणे केलं की दिवसातून चार वेळा तरी करत असणार. मग रिन्यूअलच्या वेळी कंपनीचं पत्र आलं, अभिनंदन, आणखी एक क्लेमविना वर्ष. कशाबद्दल अभिनंदन? चर पडला होताच. तुम्हाला कळला नाही एवढंच.

या प्रकाराला विम्याच्या गणितात नावसुद्धा आहे, बोनसची भूक. अभ्यासकांना हे जुनंच ठाऊक आहे की अशी शिडी लावली की लोक एका मर्यादेखालचे क्लेम गिळून टाकतात, आणि ती मर्यादा प्रत्येक पायरीवर वेगळी असते. आता कंपनीच्या बाजूने म्हणता येईल, आणि म्हणतातच, की बरंच झालं की. बारीकसारीक ओरखड्यांवर सर्वेअर पाठवायचा, कागद फिरवायचे, यात दाराच्या खर्चापेक्षा हाताळणीचा खर्च जास्त, तो शेवटी सगळ्यांच्याच प्रीमियममध्ये येणार. मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी दुसरं साधं हत्यार आधीच आहे, डिडक्टिबल. पहिली अमुक रक्कम तुमची, त्यावरची आमची. पॉलिसी घेतानाच समोर छापलेली, सगळ्यांना सारखी, आणि वर्षानुवर्षं मागे न लागणारी. नो क्लेमची शिडी म्हणजे आणखी एक डिडक्टिबलच आहे, फक्त ते कुठे छापलेलं नाही, पायरीनुसार बदलतं, आणि गॅरेजवाल्याने कागद उलटा केल्याशिवाय तुम्हाला दिसत नाही.

डचांनी हाच प्रयोग आरोग्य विम्यात करून बघितला होता. २००५ पासून नेदरलँड्समध्ये नियम केला की वर्षभरात विम्यातून काही घेतलं नाही तर कमाल २५५ युरो परत मिळतील. हेतू तोच, उगाच डॉक्टरकडे धावू नका. झालं काय, तर जुनाट आजारवाल्याला ते पैसे कधीच मिळणार नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरलेलं, आणि धडधाकट माणसाला काही न करता मिळणार. ओरड झाली, आणि २००८ मध्ये ते बंद करून त्या जागी सरळ १५० युरोचं सक्तीचं डिडक्टिबल आणलं. तेही कुणाला गोड लागलं नाही, आजारी माणसालाच ते भरावं लागतं हे आहेच. पण निदान बक्षिसाचं नाटक तरी बंद झालं.

बरं, आता दुसऱ्या तटाच्या मुळाशी जाऊ. पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे माणूस नीट चालवतो, हे तरी किती खरं? धरा की एका माणसाची वर्षात क्लेमची शक्यता ५ टक्के आहे आणि दुसऱ्याची १०, म्हणजे दुसरा बरोब्बर दुप्पट धोक्याचा. पहिल्यासारखे शंभर जण घेतले तर पाच वर्षं कोरी काढणारे निघतील साधारण ७७. आणि दुसऱ्यासारखे शंभर घेतले तर? ५९. दुप्पट धोक्याच्या माणसांतले निम्म्याहून जास्त लोक वरच्या पायरीवर आरामात बसलेले असणार, आणि पहिल्यांतले, चांगल्या चालवणाऱ्यांतले, २३ जण कधी ना कधी घसरून खाली आलेले असणार. जेवणाच्या टेबलावर जे छाती काढून दहा वर्षांचं सांगत होते त्यांच्यातले किती खरोखर सांभाळून चालवतात आणि किती नशीबवान आहेत हे ते स्वतःही सांगू शकत नाहीत. अपघात ही रोज होणारी गोष्ट नाही ना, म्हणून पाच वर्षांत तिच्यावरून माणूस ओळखणं कठीण. थोडाफार अंदाज येतो, नाही असं नाही. पण थोड्या अंदाजावर निम्मी किंमत?

शिवाय गाडी किती चालते ते वेगळंच. वर्षभर कव्हरखाली झाकलेल्या गाडीला पूर्ण बोनस मिळतो आणि रोज दोन तास ट्रॅफिकमधून जाणाऱ्या उत्तम चालवणाऱ्या माणसाचा जातो. पहिला काय कौशल्य दाखवतो, कव्हर घालायचं?

इथे कंपन्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्या म्हणतात, बाई, चूक कुणाची हे आम्ही मुद्दामच बघत नाही, कारण ज्याला दुसऱ्याने ठोकलंय तोही पुढे परत क्लेम घेऊन यायची शक्यता जास्त असते. तो जास्त चालवत असेल, गर्दीच्या रस्त्याने जात असेल, अडनिड्या जागी पार्क करत असेल. आम्ही न्याय करायला बसलो नाही, पुढचा खर्च किती येईल त्याचा अंदाज बांधतो. हे तर्काला धरून आहे. पण दोन गोष्टी. एक म्हणजे किलोमीटर आणि पार्किंग हेच जर खरं कारण असेल तर तेच विचारा ना, ओडोमीटर समोर आहे. क्लेमच्या आड लपवून कशाला मोजता? कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ साली कायदा करून ठरवलं की गाडीच्या विम्याचा दर आधी चालवण्याचं सुरक्षिततेचं रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल, मग किती वर्षांचा अनुभव यावर ठरवायचा, आणि चांगल्या चालकाला निदान २० टक्के सूट द्यायचीच. जगातली एवढी मोठी बाजारपेठ, बुडाली नाही. दुसरी गोष्ट, अंदाज बरोबर येतो एवढ्यावरच सगळं चालत असतं तर बाई-पुरुषाचा फरकही चालला असता. तो अंदाजही बरोबरच होता. तरी कोर्टाने काढला, कारण माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीची किंमत माणसाकडून घेऊ नये असं आपण कुठेतरी मानतो. उभ्या गाडीवर येऊन कुणी आदळलं हे माझ्या हातात किती होतं?

आणि गप्प बसण्याला बक्षीस ठेवण्याचा खरा तोटा पैशांत मोजता येत नाही, तो माहितीत आहे. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं, आतले ९२ च्या ९२ गेले. नंतर कळलं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावर जाता जाता वाचलं होतं, पण ती गोष्ट त्या कंपनीच्या आतच राहिली. त्यातून १९७६ साली अमेरिकेत वैमानिकांनी चुका आणि थोडक्यात हुकलेले प्रसंग गुप्तपणे कळवायची पद्धत सुरू झाली, ती नासा चालवते, आणि जो आपणहून कळवेल त्याला शक्यतो दंडातून सोडायचं असं ठरलं. सांगणाऱ्याला सोडा. आपण गाड्यांच्या बाबतीत बरोबर उलटं केलंय, न सांगणाऱ्याला बक्षीस. दाराचा चर आणि विमानाचा डोंगर यांची बरोबरी मी करत नाही, पण कुठल्या वळणावर गाड्या घासतात, कुठल्या पार्किंगच्या खांबाने किती दारं खाल्ली, कुठल्या मॉडेलला मागचं दिसत नाही, हे सगळं ज्यांच्याकडे जमा व्हायला हवं त्यांनीच लोकांना न सांगायची सवय लावलीय. वर पॉलिसीत असतंच की अपघात झाला की कळवा, क्लेम असो वा नसो. कोण कळवतं? आणि खिशातून करताना बंपरच्या आतला वाकलेला भाग बदलायचा की ठोकून सरळ करून वर नवा बंपर लावायचा, हे लोक कशावरून ठरवतात असं वाटतं?

अजून एक गोष्ट, जी त्या दिवशी टेबलावर कुणाच्याच डोक्यात आली नाही, कारण बोलणारे सगळे पुरुष होते, असो. मी चौदा वर्षं गाडी चालवली ती नवऱ्याच्या नावावरची. रोज मीच न्यायचे, तो बहुतेक ट्रेनने जायचा. बोनस साठत गेला त्याच्या नावावर. मग मी माझ्या नावावर गाडी घेतली तेव्हा एजंट अगदी सहज म्हणाला, "मॅडम, तुमचं रेकॉर्ड नाही ना, शून्यापासून सुरू होईल." चौदा वर्षं गेली कुठे? जे चालवत नव्हते त्यांच्या खात्यात. ज्याच्याकडे पगारी ड्रायव्हर आहे त्या मालकाचंही तेच, चालवतो एक आणि बोनस दुसऱ्याला, आणि तो ड्रायव्हर उद्या स्वतःची गाडी घेईल तेव्हा त्याची वीस वर्षं कोरी. घर मोडून वेगळी झालेली बाई, वडिलांची गाडी चालवणारा मुलगा, दुसऱ्या देशातून आलेला माणूस, यांच्यातलं कुणीच वाईट चालवतं म्हणून महाग भरत नाही. त्यांची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडलेली असते म्हणून भरतात.

आणि मग कंपन्या यावरही औषध विकतात, एनसीबी प्रोटेक्शनचं ॲड-ऑन. म्हणजे न मागितल्याबद्दल जी सूट मिळाली ती मागितल्यावरही टिकावी म्हणून जास्त पैसे भरा. छत्री भिजू नये म्हणून छत्रीला रेनकोट. त्यातही राखली जाते ती टक्केवारी, किंमत नाही, मूळ दरच वाढवला तर तुमचे ५० टक्के मोठ्या आकड्याचे ५० टक्के. शिवाय जरा विचार करा, बहुसंख्य लोकांना एखाद्या वर्षात क्लेम करायची वेळच येत नाही, त्यामुळे अशा शिड्यांवर काही वर्षांत बरेचसे लोक वरच्याच टोकाला जाऊन बसतात. मग मूळ दर हा खरा दर कसा? तो तर थोडेच लोक भरतात. खरा दर आहे ५०, आणि जे वर नाहीत ते त्याहून जास्त, अगदी खालचे तर दुप्पट भरतायत, फक्त पाटी सूट अशी लावलीय. दुप्पट दंड अशी पाटी लावली असती तर लोकांनी पहिला प्रश्न विचारला असता, कुठल्या गुन्ह्याचा?

मग करायचं काय, तर चाक नव्याने शोधायची गरज नाही. फ्रान्समध्ये अशीच शिडी आहे पण तिथे क्लेम नाही, चूक मोजतात. प्रीमियमला लावायचा गुणक १ पासून सुरू होतो, अपघाताविना वर्ष गेलं की ०.९५ ने गुणायचा, असं करत तेरा वर्षांत ०.५० पर्यंत खाली. तुमच्या चुकीने अपघात झाला तर १.२५ ने गुणायचा, अर्धी चूक असेल तर त्याच्या निम्मी वाढ, म्हणजे १.१२५. चूक नसेल तर काहीच नाही. ३.५० च्या वर जात नाही. आणि ज्या गोष्टीवरून मी वर एवढी चिडले तिचं उत्तर तिथे साध्या एका ओळीत आहे, ०.५० वर तीन वर्षं काढलेल्या माणसाची पहिली चूक माफ. रेकॉर्डला रेकॉर्डचा मान! ती पद्धत निर्दोष आहे असं नाही, तेरा वर्षं फार होतात आणि नवीन पोरांना तिथेही सुरुवातीला जबर भरावं लागतं. पण निदान शिडीची पायरी आणि माणसाचं चालवणं यांचा एकमेकांशी संबंध आहे.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो व्यवहाराचा, की चूक कुणाची हे ठरवणार कोण, प्रत्येक ओरखड्यावर कोर्टकचेरी होईल, त्यापेक्षा क्लेम मोजणं स्वस्त. म्हणूनच फ्रान्सचं उदाहरण घेतलं. तिथे गाडीच्या कप्प्यात एक दुहेरी फॉर्म ठेवतात. आदळलं की दोघांनी खाली उतरायचं, एकाच कागदावर आपापल्या बाजूला लिहायचं, मधे सतरा चौकोन असतात, उभी होती, रिव्हर्स घेत होती, लेन बदलत होती, त्यावर खुणा करायच्या, छोटं चित्र काढायचं, खाली दोघांच्या सह्या, एकेक प्रत घेऊन घरी. त्या खुणांवरून कोणाची किती चूक हे कंपन्या आपापसातल्या ठरलेल्या नियमाने लावून टाकतात. कोर्टात जातात ते थोडेच.

माझ्या दारावर घासून गेलेला माणूस तसा फॉर्म भरायला थांबला नसता, हे मला माहितीये, आणि अशा पळून गेलेल्यांच्या बाबतीत बोनसला हात न लावणं एवढंच करता येईल. पण तो का थांबला नाही याचा मी मधूनमधून विचार करते. घासल्यावर क्षणभर ब्रेक दाबलेला असणार, कारण चर मधेच तुटला होता, मग पुन्हा सुरू होत होता. त्या क्षणात त्याच्याही डोक्यात एक उलटा कागद आला असेल, मधे उभी रेघ, डावीकडे एक आकडा आणि उजवीकडे एक.